मक्याचं इथेनॉल: एका लिटरमागे आपण किती जाळतो?

कोलशेतकर, ठाणे (धागाकर्ता)

ई-२० वर (म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) इथे आजवर जेवढे धागे निघाले ते सगळे ॲव्हरेजवरून भांडून संपले. तो हिशोब खरं तर सरळ आहे. पेट्रोलच्या लिटरमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये २१. टाकीतला पाचवा हिस्सा बदलला की एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरणारच. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही जुन्या चारचाक्यांसाठी ६-७ टक्के आणि दुचाक्यांसाठी ३-४ टक्के घट स्वच्छ लिहिलेली आहे. तेव्हा कृपा करून इथे पुन्हा ‘माझ्या स्कूटरचं काय झालं’ सुरू करू नका.

मला त्याच्या अलीकडचं विचारायचंय. ते २१ मेगाज्यूल टँकरमध्ये भरले जाण्याआधी शेतात आणि कारखान्यात किती मेगाज्यूल खर्ची पडले? उसाबद्दल आपण बरंच ऐकून असतो. पण डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि तिथून मक्याचं पारडं जड होत गेलं. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर मिळाला, उसाच्या कुठल्याच प्रकाराला एवढा नाही.

माझं गणित एकराचं आहे. देशाची सरासरी हेक्टरी साडेतीन टन धरली तर एकरी १४ क्विंटल मका. टनाला ३८० लिटर या दराने ५३० लिटर इथेनॉल. म्हणजे ११ हजार मेगाज्यूल. आता नुसता युरिया घ्या. हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस म्हणजे एकरी १०५ किलो युरिया. आपल्याकडच्या कारखान्यांना टनभर युरिया करायला साधारण साडेपाच ते सहा गिगाकॅलरी लागतात, म्हणजे किलोला २३-२५ मेगाज्यूल, आणि तो सगळा नैसर्गिक वायू. एकरी झाले अडीच हजार मेगाज्यूलच्या जवळपास. अजून नांगर फिरलेला नाही, मळणी नाही, ट्रक नाही, कारखाना नाही, आणि वीस-बावीस टक्के गेलेसुद्धा!

पुढचा भाग मला येत नाही. कारखान्यात काम केलेलं कोणी असेल तर लिहा.


घोडबंदर_ग्रस्त, ठाणे

तुम्ही नको म्हणालात म्हणून स्कूटरचं लिहीत नाही. मानपाड्याच्या सिग्नलला उभं राहून जे पेट्रोल जळतं त्यात इथेनॉल कुठलं आणि पेट्रोल कुठलं, काय फरक पडतो? सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला ई-२० विरुद्धची याचिकाही फेटाळली. विषय संपला. पण एक सांगा, लिटरभर इथेनॉलला २८६० लिटर पाणी लागतं म्हणे. ते कुठे धरलंय तुमच्या गणितात?


रसायनी, डोंबिवली

२८६० लिटर हा आकडा त्याच आराखड्यात आहे, पण तो उसाचा आहे. पावसावरच्या खरीप मक्याला तो लावू नका. रब्बीचा मका पंपावर असेल तर पाण्यापेक्षा विजेचं बिल महत्त्वाचं.


येवला_ते_ऐरोली

कोलशेतकर, एकरी १४ क्विंटल ही सरासरी झाली. त्यात डोंगरउतारावरचा, अळीने खाल्लेला, पावसाने झोडपलेला असा सगळा मका आला. आमच्याकडे बरं वर्ष असलं तर एकरी २५ क्विंटल निघतो, कोणाकोणाचा ३० ला जातो. तुमच्या हिशोबाने २५ क्विंटलचं साडेनऊशे लिटर झालं. युरिया तीन गोण्या पडतो, गोणी ४५ किलोची. म्हणजे १३५ किलो. लिटरमागे धरा, तुमचं साडेचार मेगाज्यूलवरून सव्वातीनवर येतं.

दुसरं म्हणजे, मक्याचा चारा गाईच्या पुढ्यात जातो, दाणे काढलेली कणसं चुलीत जातात. शहरात बसून हिशोब करताना हे कोणी धरत नाही. २०१८ ला लष्करी अळी आली तेव्हापासून पोंग्यात फवारणीचा खर्च वाढला तोही कोणी धरत नाही, तो वेगळा.

आणि भावाचं बोलायचं तर २०२४-२५ ला मक्याचा हमीभाव २२२५ होता. आसवन्या (इथेनॉल काढणारे कारखाने) बाजारात उतरल्या नसत्या तर त्या भावाच्या जवळ कोणी उभं राहिलं नसतं. ऊर्जेचा नफा-तोटा नंतर बघा, आधी शेतकऱ्याच्या हातात काय पडलं ते बघा.


वाफवाला, कोपरखैरणे

कारखान्याचं मी लिहितो. टीटीसीतल्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या) एका कंपनीत आसवन्यांच्या बॉयलर आणि बाष्पीभवन यंत्रणांवर नोकरी झाली, आता निवृत्त आहे. थोडं लांबेल.

सगळ्यांना वाटतं ऊर्जा आंबवताना वाया जाते. तिथे जवळजवळ काहीच जात नाही. एका ग्लुकोजपासून इथेनॉलचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. वजनाने पाहिलं तर १८० ग्रॅममधले ८८ ग्रॅम हवेत उडून जातात, पण ऊर्जेने पाहिलं तर ९७ टक्के इथेनॉलमध्येच राहते. यीस्ट हा अतिशय काटकसरी नोकर आहे.

खर्च पुढे सुरू होतो. मका दळायचा, पाण्यात कालवायचा, अल्फा-अमायलेज हे एन्झाइम घालून ८५-९० अंशांवर शिजवायचा. स्टार्च पातळ झाला की थंड करून दुसरं एन्झाइम आणि यीस्ट, मग दोन-अडीच दिवस टाकीत. टाकीचं झाकण उघडलं की आंबवलेल्या पिठाचा वास येतो, त्यात नाकाला झोंबणारा वायू. खाली जो द्रव तयार होतो त्यात अल्कोहोल अकरा-बारा टक्के, बाकी पाणी आणि चोथा. म्हणजे लिटरभर इथेनॉल हवं असेल तर आठ-नऊ लिटर द्रव तापवायचा. त्यात ९५.६ टक्क्यांच्या पुढे साधं ऊर्ध्वपातन जातच नाही, पाणी आणि अल्कोहोल त्या प्रमाणात एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायला तर ते जवळपास निर्जल लागतं. म्हणून मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे झिओलाइटच्या गोळ्यांनी भरलेल्या टाक्या. वाफ त्यातून गेली की पाण्याचे रेणू अडकतात, आणि मग त्या गोळ्या परत कोरड्या करायलाही ऊर्जा.

सगळ्यात खादाड यंत्र मात्र शेवटी असतं, ड्रायर. अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेला लगदा तसाच नाल्यात सोडता येत नाही. तो आटवून, वाळवून त्याचा भुसा करतात. त्यालाच डीडीजीएस म्हणतात. ड्रायरच्या तोंडाशी हात धरला तर गरम, तपकिरी, किंचित आंबूस वासाचा भुगा पडतो. टनभर मक्यामागे तो ३०० किलोच्या आसपास निघतो आणि पशुखाद्याला जातो.

हे सगळं धरून लिटरमागे साडेतीन किलो वाफ हा मी हाताळलेल्या प्रकल्पांतला आकडा, जरा ढिसाळ प्रकल्प असेल तर चार. बॉयलरची कार्यक्षमता धरली तर १२ मेगाज्यूलचं इंधन झालं. आपल्या किलोला ४००० किलोकॅलरीच्या कोळशात सांगायचं तर एका लिटरला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा.

आता बेरीज करा. युरिया साडेचार, कारखाना बारा. डिझेल, इतर खतं, वाहतूक मिळून तीन धरा. साडेएकोणीस. हातात आले एकवीस.


घोडबंदर_ग्रस्त

म्हणजे दीड मेगाज्यूलसाठी हा सगळा खटाटोप??


सीवूड्सची_सई

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. (तेही मक्याचेच.)


रसायनी

वाफवाला यांनी मांडलेलं बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. त्या डीडीजीएसचं श्रेय द्यावं लागतं. तो भुसा नसता तर कोंबड्यांना आणि गाईंना तेवढी पेंड दुसरीकडून आणावी लागली असती, तिलाही ऊर्जा लागली असती. ते साधारण चार मेगाज्यूल लिटरमागे वजा करतात. मग साडेपंधरा-सोळा खर्च, एकवीस मिळकत. गुणोत्तर एक पूर्णांक तीनच्या आसपास.

यावर अमेरिकेत पंचवीस-तीस वर्षं जुंपलेली आहे. पिमेंटल आणि पाटझेक या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलं की मक्याच्या इथेनॉलला मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा २९ टक्के जास्त जीवाश्म ऊर्जा लागते. शेतीची यंत्रं बनवायला लागणारी ऊर्जासुद्धा त्यांनी धरली होती आणि उपपदार्थाला फारसं श्रेय दिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये फॅरेल आणि सहकाऱ्यांनी सहा अभ्यास एका पट्टीवर आणले आणि फायदा थोडा पण आहे, १.२ च्या आसपास, असं दाखवलं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा २००२ चा आकडा १.३४. नंतर कारखाने सुधारले तसा तो चढत गेला. ब्राझीलच्या उसाचा आकडा मात्र ८ च्या घरात सांगतात.

इतका फरक का? ऊस काही मक्यापेक्षा सहापट हुशार नाही. उसाबरोबर बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला चोथा, फुकट कारखान्यात येतो आणि तोच बॉयलरमध्ये जातो. धान्याचा दाणा येताना स्वतःचं सरपण घेऊन येत नाही.


दाणाबंदर, वाशी

येवला_ते_ऐरोली, भाऊ, हातात काय पडलं म्हणता. आमच्या गाळ्यावर या, दोन्ही बाजू ऐकवतो. मका चढला की कुक्कुटखाद्यवाले ओरडतात. मक्याची ट्रक आली की पहिला प्रश्न ओल किती. मीटर १४ च्या वर गेलं की कटती सुरू. पूर्वी ओला माल खाद्यवाले नाकारायचे तो गोदामात पडून राहायचा, आता आसवनीचा माणूस फोनवर तोच माल बोलून घेतो. आपला देश मका निर्यात करायचा. २०२४ ला म्यानमार-युक्रेनकडून मागवायची पाळी आली.

दुसरी गोष्ट सोयाबीनवाल्यांना विचारा. डीडीजीएस स्वस्त झाल्यावर सोयापेंडीला गिऱ्हाईक कमी. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ आणि मराठवाड्यात माल त्याच्या खाली विकला गेला. एकट्या डीडीजीएसने झालं असं मी म्हणणार नाही, जगभर सोयाबीन पडलेलं होतं. पण हात त्याचाही होता. म्हणजे मक्यावाल्याच्या खिशात आलं त्यातलं थोडं सोयाबीनवाल्याच्या खिशातून आलं. कधी कधी तर दोघं एकाच गावचे.


येवला_ते_ऐरोली

दाणाबंदर दादा, सोयाबीनचं मान्य. पण कटती किती टक्क्यांनी लावता तेही लिहा की मग :)


दाणाबंदर

त्यासाठी वेगळा धागा काढा.


नौपाडा_आजोबा

अवांतर आहे, तरी लिहितो. धान्यापासून मद्यार्क हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. २००९-१० च्या सुमारास राज्य सरकारने ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! डॉ. अभय बंग यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला होता. तेव्हा आक्षेप दारूचा होता, पेट्रोलचा नाही. काळी पडलेली ज्वारी वापरणार असं तेव्हा सांगत. आताही ‘खराब धान्य’ म्हणून सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ २२५० रुपये क्विंटलने आसवन्यांना गेला.

त्याच ज्वारीची दुसरी बाजू सांगतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर बरीच वर्षं काम केलं. ‘मधुरा’ हा त्यांचा वाण. कणसातलं धान्य घरात, ताटातल्या गोड रसाचं इथेनॉल, आणि रस काढल्यावर उरलेला चोथा सरपण किंवा वैरण. ऊर्जेच्या हिशोबात हे उसाच्या जवळ जातं आणि पाणी त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. पुढे मोठ्या प्रमाणावर का उचललं गेलं नाही कोण जाणे.


वाफवाला

आजोबा, कारखानदाराच्या बाजूने सांगतो. गोड ज्वारीचं ताट कापलं की रस लगेच आंबायला लागतो, साखर हातातून जाते. हंगाम थोड्या आठवड्यांचा. कारखाना मात्र वर्षभर चालवायचा असतो, बँकेचा हप्ता वर्षभर असतो. मक्याचा दाणा गोदामात सहा महिने गुमान पडून राहतो. मका जिंकला तो ऊर्जेवर नाही, साठवणुकीवर.


सीवूड्सची_सई

पॉपकॉर्न संपले, आता लिहिते.

मला वाटतं सगळेच जण पायरीपायरीने मोजताय, मी सुरुवात सूर्यापासून करते. आपल्याकडे हेक्टरभर जमिनीवर वर्षाला साधारण १ कोटी ८० लाख युनिट एवढी सूर्याची ऊर्जा पडते. त्या हेक्टरात एकदा मका घेतला तर १३३० लिटर इथेनॉल, म्हणजे ७,८०० युनिट. खर्च वजा न करता! टक्केवारी ०.०४. पिकाचे साडेतीन-पावणेचार महिनेच धरले तरी ०.१४. त्यातून इंजिन पाऊण भाग उष्णता म्हणून सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून सोडणार.

त्याच जमिनीवर सौर पॅनेल टाकले तर? मेगावॉटला चार एकर आणि वर्षाला १५ लाख युनिट हे ढोबळ प्रमाण आहे. एकरी पावणेचार लाख युनिट. विजेवरची गाडी युनिटला सहा किलोमीटर धरली तर २२ लाख किलोमीटर. एकरी ५३० लिटर इथेनॉलवर लिटरला दहा किलोमीटर धरले तर ५,३०० किलोमीटर. चारशेपट फरक आहे हो! रसायनी सर १.२ की १.३४ यावर भांडतायत.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर बसवायचा ठराव तीन सर्वसाधारण सभांत फिरतोय, गळतीच्या भीतीने. गच्चीला शेत लागत नाही.


येवला_ते_ऐरोली

सई ताई, चारशेपट बरोबर असेल. पण येवल्यात पॅनेल पसरून गाईला काय घालायचं? आणि तुमची बावीस लाख किलोमीटर चालणारी गाडी आमच्या गावात कोणाकडे आहे?


सीवूड्सची_सई

शेतावर पसरा असं म्हणतच नाहीये. उलट म्हणतेय, शेत खाण्यासाठी ठेवा. विसाच्या मिश्रणाला वर्षाला हजार कोटी लिटरच्या वर इथेनॉल लागतं, आराखड्यातला आकडा १०१६ कोटी. त्यातलं निम्मं मक्यातून काढायचं म्हटलं तर १ कोटी ३० लाख टन मका लागेल. देशात पिकतो ४ कोटींच्या घरात. जवळजवळ एक तृतीयांश!


रसायनी

सई, तुलना योग्य आहे, पण प्रश्न वेगळा आहे. रस्त्यावर आज असलेल्या कोट्यवधी दुचाक्या पॅनेलवर चालत नाहीत, त्यांना द्रव इंधन लागतं. सरकारचा युक्तिवादही ऊर्जेचा नाहीच, परकीय चलनाचा आहे. कच्चं तेल आयात करतो, कोळसा आणि मका आपला. कोळशाचं द्रव इंधन करायचा हा एक आडमार्ग आहे, मधे मका.

पण तोही हिशोब पूर्ण मांडायला हवा. युरियाला लागणारा वायू बराचसा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) म्हणून जहाजातून येतो, देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी साधारण निम्मा आयातच होतो. तेलाच्या टँकरवर वाचवलेल्या डॉलरमधले काही एलएनजीच्या टँकरवर जातात. आणि कर्बाचं म्हणाल तर युरियातून शेतात सुटणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. अमेरिकेतल्या मक्याच्या इथेनॉलवर २०२२ मध्ये एक अभ्यास आला, जमिनीच्या वापरातले बदल धरून. निष्कर्ष असा की ते पेट्रोलपेक्षा कमी प्रदूषक नाहीच, बहुधा किमान २४ टक्के जास्त आहे.


घोडबंदर_ग्रस्त

मग पराळीपासून करा ना. पानिपतला होतंय की.


रसायनी

पानिपतच्या प्रकल्पाचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं, वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर काढायचा अशी आखणी. हजार कोटींपुढे तीन कोटी. सेल्युलोज फोडणं स्टार्चइतकं सोपं असतं तर गाय चार पोटं घेऊन फिरली नसती.


कोलशेतकर (धागाकर्ता)

वाफवाला, तुमच्या बेरजेत सगळ्यात मोठा आकडा बॉयलरचा आहे, बारा. मका तोच, युरिया तोच, पण बॉयलरमध्ये कोळशाऐवजी भाताचा तूस किंवा मक्याची दाणे काढलेली कणसं जाळली तर? वीजही त्याच वाफेच्या टर्बाइनवर. जीवाश्म इंधनाचा खर्च साडेसातवर येतो, आणि गुणोत्तर डीडीजीएसचं श्रेय न धरता अडीच-पावणेतीनवर जातं. म्हणजे मक्याचं इथेनॉल चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या आसवनीचं, हे विचारायला हवं. सरकार दर ठरवताना मका, तांदूळ, मळी असा भेद करतं. बॉयलरमध्ये काय जळतंय यावरून दर का ठरवत नाही?


वाफवाला

तूस जाळणाऱ्या आसवन्या आहेत. पण तूस भातगिरण्यांच्या आसपासच परवडतो, हलका असतो, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. मागणी वाढली की भाव कोळशाच्या बरोबरीने जातो, मग मालक कोळशाकडे वळतो. एकाच प्रकल्पात हंगामात तूस आणि पावसाळ्यात कोळसा असं सर्रास चालतं. मक्याच्या कणसांत पोटॅश जास्त, राख वितळून नळ्यांवर बसते, महिन्याभरात बॉयलर बंद करून छिन्नी घेऊन आत उतरावं लागतं. जमत नाही असं नाही, त्यासाठी भट्टी मुळात वेगळी बांधावी लागते.


येवला_ते_ऐरोली

आमच्या गावचा मका ज्या आसवनीला जातो तिथे काय जाळतात ते विचारतो. चुलतभाऊ तिथे ट्रक घेऊन जातो, गेटवरच्या ढिगावरून सांगेल.


वाफवाला

नुसता ढीग पाहून उपयोग नाही, दोन्ही ढीग असतात. वजनकाट्यावरच्या माणसाला विचारायला सांगा, महिन्याला कोळसा किती टन आला आणि तूस किती. आणि रोजचं उत्पादन किती किलोलिटर. एवढे तीन आकडे आले की बाकीचं मी इथे मांडतो.